खंडेनवमीची टेप

मुलांनो,

या दिवाळीत तुमच्यातल्या धाकट्याने तिकडे बसल्या बसल्या इथला माझा लॅपटॉप चालवला. मला लिहायला बरं पडावं म्हणून त्यात एक नवा एडिटर टाकून दिला. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, अक्षरं भराभर वर सरकत गेली आणि तो म्हणाला, "झालं, आजी." हे सगळं येतं कुठून, असं मी विचारलं. त्याने सांगितलं की लिनक्समध्ये अशी कितीतरी पॅकेजं असतात. जगभरातली माणसं ती आपापल्या वेळात सांभाळतात, चूक सापडली तर दुरुस्त करतात आणि पुढच्यासाठी ठेवून देतात. "आणि कुणी कुणाला ओळखतही नाही, आजी!" जणू असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर मोठीला माझ्या पाठीमागच्या उघड्या कपाटात एक गोल चकती दिसली. "ते केकचं भांडं आहे का?" तिने विचारलं. "जुनी टेप आहे," एवढं बोलून मी कपाटाचं दार लावलं.

दार का लावलं ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. ही हकीकत पुरती अशी फक्त तुमच्या आजोबांना माहीत होती. ते गेल्याला आता दोन वर्षं झाली. उद्या मी विसरले तर तुम्ही ती टेप भंगारात द्याल, आणि त्यात तुमची काही चूक नसेल.

क्रमाने सांगते. तुम्हाला माझी सवय माहीत आहे.

मी नागपुरात कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि साठचं दशक संपता संपता इथल्याच एका संशोधन संस्थेत टायपिस्ट म्हणून लागले. टायपिंग विभाग म्हणजे एक लांब खोली होती, तिला मधोमध तारेची जाळी होती. जाळीच्या आत आम्ही सात जणी, सात मशीन. जाळीला हातभर रुंद खिडकी होती. तिच्यातून शास्त्रज्ञांचे हस्तलिखित कागद आत यायचे आणि टाइप होऊन त्याच खिडकीतून बाहेर जायचे. एका पानावर एक शब्द बदलला तर ते पान पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचं.

माझं इंग्रजी चांगलं होतं म्हणून मी तिथे सतरा वर्षं राहिले. हे उलटं वाटेल, पण तसंच घडलं. ग्रंथालयात जागा निघाली, मी अर्ज केला. "तुमच्यासारखं बिनचूक काम दुसरं कोण करणार?" असं म्हणून तो परत आला. प्रकाशन विभागात जागा निघाली, पुन्हा तेच उत्तर. शिव्या खाल्ल्या असत्या तर भांडले तरी असते. स्तुतीशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा टाइप करताना मला एका तक्त्यात दोन महिन्यांचे आकडे तंतोतंत सारखे दिसले. मी कागद घेऊन त्या शास्त्रज्ञांकडे गेले. त्यांनी कागदाकडे नव्हे, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचता कशाला?" ते म्हणाले. "टाइप करा." मी परत येऊन टाइप केलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या संस्थेत संगणक आला. त्यासाठी तळमजल्यावरची एक मोठी खोली घेतली आणि तिच्या सगळ्या खिडक्या प्लायवूड ठोकून बंद केल्या, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. चपला बाहेर काढून आत जायचं. बाहेर ऑक्टोबरची नागपुरी धग आणि आत आम्ही स्वेटर घालून. खोलीत दिवस आहे की संध्याकाळ, काही कळत नसे. तरी ती खोली मला हवी होती. तिला जाळी नव्हती आणि आत काय चाललंय ते विचारण्याची मुभा होती.

संगणक विभागाच्या साहेबांना संस्थेचे अहवाल यंत्रावर करून पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी टायपिंग विभागातून मला मागून घेतलं, डिसेंबर अखेरपर्यंत, उसनं. अट सरळ होती. तोवर यंत्रावर अहवाल होऊ लागले तर मी तिथेच राहायचं. नाही झाले तर एक जानेवारीला परत जाळीच्या आत.

अडचण एडिटरची होती. तुम्हाला आज पडद्यावर अख्खं पान दिसतं. आमच्या यंत्रावर जो होता, तो एका वेळी एकच ओळ दाखवायचा. चाळीस नंबरची ओळ दाखव म्हटलं की ती दाखवणार, एकेचाळीस हवी तर पुन्हा सांगायचं. दाराच्या फटीतून वरात बघावी तसा प्रकार होता. कधी बँडवाला दिसे, कधी घोड्याचं शेपूट. यावर शंभर पानांचा अहवाल करणं अशक्य होतं. साहेबांनी ओळखीपाळखीतून पत्रं लिहिली आणि हैदराबादच्या एका संस्थेने आम्हाला टेप पाठवली. पूर्ण पान दाखवणारा एडिटर त्या टेपवर होता.

तयार एडिटर नव्हता हो. तो कसा बनवायचा याचा सगळा मजकूर होता, सोर्स म्हणतात तो. आमची प्रणाली म्हणजे तुमच्या लिनक्सच्या आधीच्या पिढीतली. त्या मजकुराच्या पन्नासेक फाइली यंत्राला एकेक करून पचवायच्या, मग जोडायच्या, तेव्हा कुठे एडिटर तयार होणार. टेपबरोबर एक फुलस्केप कागद होता. टेप कुठून कुठे फिरली ते त्यावर ओळीने लिहिलेलं. कुणी "प्रिंटरची चूक काढली" लिहिलं होतं, कुणी "माहितीपुस्तिकेतल्या दोन चुका सुधारल्या". वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या शाया. सगळ्यांत वर नियम होता: ज्याला मिळेल त्याने प्रत घ्यावी, जे दुरुस्त कराल ते इथे लिहावं आणि टेप पुढच्याला पाठवावी. आमच्यानंतर इंदूरचं एक कॉलेज होतं. तो कागद मी दोनदा वाचला. सतरा वर्षांत माझ्या हातून गेलेल्या कागदांपैकी हा पहिलाच असा होता, ज्याच्या खाली आपणही काही लिहायचं होतं.

टेप आली त्या दिवशी अष्टमी होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमचे ऑपरेटर सावनेरचे. रोज एस.टी.ने येत. त्यांचे दोन्ही भाऊ कोळशाच्या खाणीत होते. सकाळी आले ते हातात झेंडूची माळ आणि पूजेचं ताट घेऊनच. साहेब जरा बिचकले, म्हणाले, या खोलीत धूळसुद्धा चालत नाही.

"साहेब, खाणीत माह्या भावाची टोपी पुजतात, पावडं पुजतात," ऑपरेटर म्हणाले. "अन् ह्या यंत्रानंच काय पाप केलं? उदबत्ती नाही लावत, मंग तर झालं?"

साहेबांनी मान डोलावली. मी बाजूला उभी होते. ऑपरेटरनी ताट माझ्यापुढे धरलं.

"बाई, हळदीकुंकू तुमीच वाहा. सवाष्णीचा हात पाह्यजे. माह्या हातानं लावलं तर यंत्र बिघडन."

मी यंत्राला कुंकू लावलं, टर्मिनलांना लावलं, प्रिंटरला लावलं. मग ते म्हणाले, नवी पाहुणी राहिली, आणि कालची टेप आणून टेबलावर ठेवली. तिच्याभोवती प्लास्टिकचा पट्टा असतो, धूळ जाऊ नये म्हणून. त्या गुळगुळीत प्लास्टिकवर ओलं कुंकू टिकेना, ओघळू लागलं. मला अर्धवट काम आवडत नाही. मी पट्टा काढला, मधल्या चकतीवर हळदीचं आणि कुंकवाचं बोट नीट टेकवलं आणि वर अक्षता वाहिल्या. पट्टा परत लावला. सगळ्यांनी हात जोडले. पेढे बाहेर जाऊन खाल्ले, आत खाण्याची बंदी होती ना.

दसरा झाल्यावर टेप यंत्रावर चढवली. ऑपरेटर चहाला गेले होते, चढवणं आणि साफ करणं एव्हाना मलाही येत होतं. चाकं फिरू लागली, फाइलींची नावं पडद्यावर एकाखाली एक येऊ लागली. मी वहीत खुणा करत होते. एवढ्यात आतून टक् असा आवाज झाला, चाकं मागेपुढे झटके देऊ लागली आणि सगळं थांबलं. पडद्यावर आलं, वाचता येत नाही.

मी झाकण उघडलं. टेप जिथून सरकते त्या रुळाशी अर्धा तुटलेला, लाल माखलेला तांदळाचा दाणा होता. त्याच्याशेजारी टेप हातभर चुरगळली होती. वाचणारा भाग मी कापसाने पुसला तर कापूस पिवळा निघाला.

ऑपरेटर परत येण्याआधी मी दाणा आणि कापूस रुमालात बांधला होता. "काय झालं, बाई? काहून अशा उभ्या?" त्यांनी विचारलं. "टेप वाचत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. अर्धं खरं.

चुरगळलेला भाग ओलांडून पुढची टेप वाचता आली. शेवटी हिशेब असा लागला की एक सोडून सगळ्या फाइली मिळाल्या होत्या. जी गेली ती नेमकी पडद्यावर पान उभं करणारी. म्हणजे बस तयार, इंजीन आहे, चाकं आहेत, पण समोरची काचच नाही.

साहेबांनी मला बोलावून पत्र सांगायला सुरुवात केली. मी शॉर्टहँडमध्ये घेत होते. "आपण पाठवलेली टेप आम्हाला सदोष अवस्थेत मिळाली. कृपया दुसरी त्वरित पाठवावी." माझी पेन्सिल क्षणभर थांबली. साहेब म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, सर."

ते पत्र मी टाइप केलं आणि खणात ठेवलं. सहीला नेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

खरं सांगितलं तर मी दोषी. साहेबांनी मनाई केलेली धूळ मी माझ्या बोटांनी टेपमध्ये घातली होती, वर पुरावा लपवला होता. मला ठेवून घेण्याचं त्यांना काही कारण उरत नव्हतं. न सांगावं तर हैदराबादच्या ज्या माणसांनी ओळखपाळख नसताना टेप पाठवली, त्यांच्या माथी मी खोटं मारणार. शिवाय ते चिडून दुसरी पाठवणारच नाहीत, म्हणजे एडिटर नाही, म्हणजे पुन्हा जाळी. कुठल्याही दाराने निघाले तरी मी त्याच खोलीत पोचत होते.

दुपारच्या सुट्टीत मी डबा खायला अजून टायपिंग विभागातच जात असे. तिथल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"काय वं, थंड हवेत राहून ओठ फुटले की काय तुझे? बोलून नाही राहिली."

"काही नाही, मोठ्या बाई."

"तुझी मशीन मी रोज पुसून ठेवते. खुर्ची कोणाले देली नाही. ये वापस."

सगळ्या हसल्या. त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं, आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला.

संध्याकाळी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं, रुमाल उघडून दाणाही दाखवला. ते शाळामास्तर, माणूस सरळ. थोडा विचार करून म्हणाले, "साहेबांनी सांगितलं तसं टाइप करून दे. खोटं असेल तर ते साहेबांचं. टायपिस्टने कशाला वाचायचं?"

पोळ्या करायच्या होत्या, त्या केल्या. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं की हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकून मुकाट्याने परत आले होते. आता ते माझ्याच स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवं पत्र टाइप केलं. त्यात लिहिलं की टेप चांगल्या अवस्थेत मिळाली होती, आमच्याकडे वार्षिक पूजेत तिच्यात तांदूळ आणि हळद गेली, त्यामुळे पडद्याची फाइल नष्ट झाली. चूक सर्वस्वी आमची आहे. ती फाइल कोणत्याही रूपात असेल तर मिळावी. खाली साहेबांचं नाव आणि हुद्दा.

सहीच्या कागदांत ते मी सगळ्यांत वर ठेवलं.

"सर, हे वाचून सही करा," मी म्हटलं.

"तुमचं टाइप केलेलं?" साहेब हसले. "सतरा वर्षांत कुणाला तुमची चूक सापडली नाही, मला आज काय सापडणार?" आणि सही केली.

मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मुलांनो, यातला पहिला भाग मी तुमच्या आजोबांना अभिमानाने सांगत असे. दुसरा भागही सांगत असे, पण हळू आवाजात.

पत्र गेलं आणि उत्तर येईना. नोव्हेंबर गेला. मधल्या काळात ऑपरेटर आणि मी उरलेल्या फाइली यंत्राला एकेक करून देत होतो. काही पचत, काही यंत्र थुंकून टाकी, कारण ज्याने त्या लिहिल्या त्याच्याकडचं यंत्र वेगळं आणि आमचं वेगळं. कुठली ओळ अडली ते पाहायचं, फटीतून तीच ओळ उघडायची, माहितीपुस्तिका वाचायची, ओळ बदलायची, फाइल पुन्हा द्यायची. मी पहिल्यांदाच टाइप करत असलेलं उघडपणे, समजून वाचत होते. हळूहळू पन्नासातल्या एकीशिवाय सगळ्या तयार झाल्या. त्या जोडायला घेतल्या की यंत्र नावांची लांबलचक यादी देई, हे सापडत नाही, ते सापडत नाही. वर्गात हजेरी घ्यावी आणि एकाच गावची सगळी मुलं गैरहजर निघावीत, तशी ती यादी. सगळी त्या हरवलेल्या फाइलीतली.

रोज टपालाच्या वेळी मी दाराशी जाऊन उभी राहत असे. उत्तर आलं नाही तर एक जानेवारी ठरलेली. आलं तर ते साहेबांच्या नावे येणार.

डिसेंबर अर्ध्याहून अधिक सरला तेव्हा आलं. साहेबांनी मोठं पाकीट मशीनच्या खोलीतच फोडलं. पत्र वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे पूजेत टेप खराब झाली, असं मी हैदराबादला कळवलं?"

"सही तुमची आहे, सर."

"आणि मजकूर?"

"माझा आहे."

मी पर्समधून रुमाल काढला, उघडला आणि टेबलावर ठेवला. साहेब त्या दाण्याकडे बघत राहिले. इतक्यात ऑपरेटर पुढे झाले.

"साहेब, टेप पूजेत ठेवा म्हणणारा मी होतो. तांदूळ बी माह्याच घरचे. बाईले एकटीले नका बोलू."

"तुम्ही गप्प बसा," साहेब म्हणाले.

"बसतो. पण सावनेरचा तांदूळ होता, हे खरं हाय."

साहेबांनी पत्र माझ्या हातात दिलं. हैदराबादच्यांनी लिहिलं होतं की त्यांच्याकडची टेप दुसऱ्या कामासाठी पुसली गेली आहे. पण त्या फाइलीची छापील प्रत आहे, ती पाठवत आहोत. टेप सदोष आली असं बहुतेक सगळेच लिहितात, अशा पत्रांना आम्ही उत्तर देणं सोडून दिलं आहे. आपण घडलं ते लिहिलंत म्हणून कपाट उपसून प्रत शोधली. आणि शेवटी: आमच्याकडेही पूजा होते, नारळ मात्र दाराबाहेर फोडतो.

"किती पानं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"बत्तीस, सर."

"दिवस किती उरले?"

"अकरा."

"करा टाइप. एडिटर उभा राहिला तर बघू. नाही तर एक तारखेला तुमची खुर्ची तुम्हाला." मग दाराशी थांबून म्हणाले, "आणि यापुढे तुमचं प्रत्येक पत्र मी वाचणार आहे."

बत्तीस पानं, पुसट छपाई, सगळीकडे कंस आणि अर्धविराम. तीही त्या एका ओळीच्या फटीतून टाइप करायची. ज्या कामातून सुटण्यासाठी मी धडपडत होते, नेमकं तेच काम. सकाळी आत जायचं, स्वेटर घालायचा, बोटं गारठली की काखेत धरायची. आठव्या दिवशी बत्तिसावं पान संपलं.

फाइल यंत्राला दिली. त्याने चुकांची इतकी लांब यादी दिली की प्रिंटरवरचा कागद जमिनीला टेकला.

मी खुर्चीत बसून राहिले. कुणालाही न सापडणारी माझी चूक यंत्राला दीडदोनशे वेळा सापडली होती. तासाभराने कळलं की ती एकच चूक होती. आमच्या टाइपरायटरला एकचा आकडा नव्हता. त्या जागी इंग्रजी छोटा एल टाइप करायचा, तसंच शिकवलेलं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला एकची वेगळी कळ होती, मला ती माहीतही होती. पण माझ्या बोटांना नव्हती. बोटं अजून जाळीच्या आतच होती.

दोन दिवस ऑपरेटर शेजारी बसून छापील प्रतीवरून ओरडत, "बाई, एक! बाई, हाही एक!" आणि मी एकेक ओळ उघडून एल पुसून एक लिहीत होते. अकराव्या दिवशी दुपारी यंत्राने काहीही तक्रार केली नाही. जोडणी झाली, हजेरी पूर्ण भरली. मी एडिटरचं नाव टाइप करून एक जुना अहवाल उघडला.

अख्खं पान उभं राहिलं. हिरव्या अक्षरांत, वरपासून खालपर्यंत, एकदम. मी खाली सरकले तर तेही माझ्याबरोबर सरकलं. ऑपरेटरनी दोन्ही हात जोडले आणि घाईने म्हणाले, "हातच जोडून राह्यलो, बाई. कुंकू नाही काढत."

साहेब आले. उभ्यानेच बराच वेळ पान वरखाली करून पाहत राहिले. मग म्हणाले, "बाईंना इथेच ठेवू. एवढे अहवाल यावर दुसरं कोण टाइप करणार?"

आनंद झाला का, असं तुम्ही विचाराल. झाला. पण ते वाक्य मी ओळखत होते. अर्ज परत येताना त्याच्यावर बसून यायचं तेच. मी जाळीतून सुटले ती प्लायवूडच्या आड गेले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच, बहुतांश टायपिंगच करत राहिले. खिडक्या शेवटपर्यंत उघडल्या नाहीत. एक फरक पडला. आता सबंध पान समोर असायचं आणि मी ते वाचत असे. तक्त्यात आकडे पुन्हा आलेले दिसले की शेजारी प्रश्नचिन्ह टाकून परत पाठवत असे. काही शास्त्रज्ञ चिडत. साहेब त्यांना म्हणत, "त्या वाचतात. सांभाळून राहा, मीही सही करण्याआधी वाचतो."

इंदूरला पाठवायची टेप मीच केली, कोऱ्या टेपवर नव्याने. त्या फुलस्केप कागदावर नागपूरची ओळ लिहिताना बराच वेळ घेतला. शेवटी लिहिलं: "पडद्याची फाइल छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केली. टेपजवळ अक्षता वाहू नयेत." माझं नाव घातलं नाही, तिथे कुणीच घालत नव्हतं. इंदूरनंतर ती कुठे गेली, मला माहीत नाही.

हैदराबादची खराब झालेली टेप संस्थेने निकामी ठरवली तेव्हा ती मी मागून घेतली. छापील बत्तीस पानं नव्वदीत घर बदलताना वाळवीने खाल्ली. टेप वाचणारं यंत्र आता नागपुरात असेल असं वाटत नाही. टेप माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मधल्या चकतीवरचं कुंकू तपकिरी झालं आहे, हळदीचा डाग आहे तसाच आहे, आणि चकतीच्या भोकात बसवलेल्या रुमालात तो अर्धा दाणा आहे.